रुग्णाला समजेल अशा भाषेत

भारतातील आरोग्यविषयक कायद्यांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे बदल झाले, त्यांची चर्चा मुख्यतः तीन वर्तुळांत होत आली : वैद्यकांच्या, विधिज्ञांच्या आणि प्रशासकांच्या. भारतीय साहित्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याकडे आपला विषय म्हणून क्वचितच पाहिले. कायद्याचे कलम हे वाङ्मय नव्हे आणि इस्पितळातील छापील फॉर्म हा अभ्यासयोग्य पाठ नव्हे, अशी आपली एक न बोललेली समजूत आहे. परंतु ह्याच काळात ह्या कायद्यांत एक अट हळूहळू रुजत गेली आहे आणि ती अट भाषेची आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करणे निदान आपल्याला तरी परवडणारे नाही.

१९९४ च्या प्रसवपूर्व निदानतंत्रविषयक अधिनियमाने असे ठरविले की, अशी तपासणी करण्यापूर्वी गरोदर स्त्रीला तिचे ज्ञात दुष्परिणाम समजावून सांगितले पाहिजेत, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेतली पाहिजे आणि त्या संमतिपत्राची प्रत तिच्या हाती दिली पाहिजे. २०१७ साली संसदेने मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आणि एचआयव्ही-एड्सविषयक अधिनियम असे दोन कायदे केले. त्या दोहोंत संमतीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात उपचाराचे लाभ, त्यातील धोके आणि त्याला असलेले पर्याय ही सर्व माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत व अशा रीतीने दिलेली असणे हा व्याख्येचाच भाग आहे. नवीन औषधांच्या मानवी चाचण्यांसंबंधी २०१९ साली जे नियम झाले, त्यांतही माहिती तांत्रिक नसलेल्या, सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी असे आहे. ह्या तरतुदींचा एकत्रित अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. भाषा न समजता दिलेली संमती ही ह्या कायद्यांच्या दृष्टीने सदोष संमती ठरत नाही. ती संमतीच ठरत नाही. म्हणजे अनुवाद ही आता वैद्यकीय व्यवहाराच्या वैधतेची पूर्वअट झाली आहे. ही अट पुरी करण्याचे काम मात्र छापखाना, कारकून आणि घाईत असलेला निवासी डॉक्टर ह्यांच्यावर सोपविलेले आहे. ज्यांचा व्यासंगच भाषांमधील अर्थान्तराचा आहे, ते त्यापासून दूर राहिले आहेत. हे असे राहू नये, एवढेच ह्या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ह्या बदलाचे मोल कळण्यासाठी त्याच्या अगोदरची स्थिती आठवणे उपयुक्त ठरेल. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा आढळ झाला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम संमत झाला. चार कलमांचा हा अगदी छोटा कायदा होता. साथ पसरण्याचा धोका दिसल्यास सरकारने योग्य वाटतील ते उपाय योजावेत, ते मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, हा त्याचा सारांश. घातक साथरोग कशाला म्हणावे ह्याची व्याख्याही त्यात नव्हती. रोग्याला काही सांगावे, त्याचे काही ऐकावे, अशी कल्पना त्या कायद्याच्या मनाला शिवलेलीही नव्हती. पुण्यात घरझडतीच्या वेळी काय घडले, रँडवर गोळी कशी झाडली गेली आणि त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा कशी झाली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करीत असता मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी स्थिती होती, तिच्याविषयी पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. ह्या साऱ्या प्रक्षोभाचे कारण केवळ सोजिरांचे वर्तन हे नव्हते. ज्याच्या शरीराविषयी आणि घराविषयी निर्णय होत होता, त्याला त्या निर्णयात वाणीच नव्हती, हे त्याचे अधिक खोल कारण होते.

हाच कायदा २०२० च्या महासाथीत देशभर वापरला गेला. त्या वर्षी त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत झाल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास ठेवण्यात आला. ही दुरुस्ती आवश्यक होती ह्याविषयी दुमत नसावे. परंतु भाषेच्या अभ्यासकाने ह्या दुरुस्तीने कोणत्या शब्दांच्या व्याख्या नव्याने दिल्या हे पाहावे. हिंसाचाराचे कृत्य, आरोग्यसेवा कर्मचारी आणि मालमत्ता ह्या तीन संज्ञांची व्याख्या झाली. रुग्णाचा उल्लेख आला तो कर्मचाऱ्याची व्याख्या करताना, त्याच्या संपर्कात येणारा म्हणून. एकशे तेवीस वर्षांनंतरही त्या कायद्यात रुग्ण हा ज्याच्याशी बोलावयाचे असा कोणी नाही. म्हणून १९९४ आणि २०१७ च्या कायद्यांतील ती लहानशी भाषिक अट मला इतकी महत्त्वाची वाटते. १८९७ ची परंपरा आणि ही नवी परंपरा आज एकाच देशात शेजारी शेजारी नांदत आहेत. ह्यांपैकी कोणती बळावेल हे काही अंशी ती अट कशी पाळली जाते ह्यावर अवलंबून आहे.

आता ‘संमती’ ह्या शब्दाकडे वळू. मराठीच्या सार्वजनिक व्यवहारात हा शब्द वैद्यकातून आलेला नाही. तो आला विवाहाच्या वादातून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रातील सुधारक व त्यांचे विरोधक ह्यांच्यात जो प्रचंड वाद झाला, त्याने हा शब्द घरोघरी नेला. त्या वादाच्या आधी काही वर्षे रखमाबाईंचा खटला गाजला होता. लहानपणी झालेला विवाह आपल्या संमतीने झालेला नाही, सबब आपण नांदावयास जाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. १८८४ साली दावा दाखल झाला, १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, १८८७ मध्ये तो फिरला, तेव्हा नांदावयास जाण्यापेक्षा कारावास पत्करण्याची तयारी त्यांनी दाखविली आणि १८८८ मध्ये तडजोड होऊन ते प्रकरण मिटले. पुढे ह्याच रखमाबाई इंग्लंडात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली. संमती हा शब्द स्वतःच्या देहाच्या संदर्भात प्रथमपुरुषी एकवचनात उच्चारणारी ही स्त्री पुढे वैद्यक व्हावी, ह्यात एक ऐतिहासिक औचित्य आहे. रुग्णाची स्वतंत्र संमती ही पाश्चात्त्य व्यक्तिवादाची आयात आहे असे जे म्हणतात, त्यांनी ह्या परंपरेचा विचार करावा. तो प्रश्न आपल्याकडे आपल्याच माणसांनी, आपल्याच घरांतून विचारलेला आहे.

तरीही शब्दाचा जुना संस्कार सहजासहजी जात नाही. संमती मराठीत बहुधा वडीलधाऱ्यांनी द्यावयाची असते. मुलगा घरच्यांची संमती मिळवितो, सभा ठरावाला संमती देते. ज्याच्यावर गोष्ट घडावयाची तो संमती देतो, हा अर्थ अजून पुरता मुरलेला नाही. आणि येथे वैद्यकव्यवसायाचे नियमनही ह्या जुन्या संस्काराला धरूनच राहिले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी असे सांगताना जो क्रम दिला आहे, तो वाचण्यासारखा आहे : पती अथवा पत्नी, मग अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत आईबाप अथवा पालक आणि शेवटी, प्रसंगानुसार, स्वतः रुग्ण. काव्यातील पदक्रमावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या पदक्रमाचा अर्थ सांगावयास नको. पुढे ती परिषद जाऊन २०१९ च्या अधिनियमाने राष्ट्रीय वैद्यक आयोग आला आणि २०२० साली त्याने कारभार हाती घेतला. आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे आचारविनियम काढले. पण त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. संस्था बदलली, तो पदक्रम परत आला.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००८ च्या जानेवारीत दिलेल्या एका निर्णयात हा क्रम वस्तुतः उलटा केला आहे. एका प्रौढ स्त्रीने दुर्बिणीद्वारे केवळ निदान करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की, रुग्ण सज्ञान व सक्षम असता आणि तातडीने जीव वाचविण्याचा प्रसंग नसता आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. निदानास दिलेली संमती उपचारास पुरत नाही. आपल्या इस्पितळांतून आजही पहिला प्रश्न ‘बरोबर कोण आहे?’ असाच येतो, आणि जो बरोबर असतो तो सही करतो. न्यायनिर्णय आणि नित्यव्यवहार ह्यांच्यात पडलेले हे अंतर दंडाच्या भयाने बुजणारे नाही. ज्या भाषेत तो प्रश्न विचारला जातो, तिच्यातच ते बुजवावे लागेल.

ही भाषा आज कशी आहे, ते संमतिपत्रकांच्या मराठीकडे पाहिल्यास दिसते. त्यांतील नेहमीचे एक वाक्य असे असते : ‘मला सर्व माहिती माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे.’ कोणी सांगितली? केव्हा? ‘सांगण्यात आली आहे’ ह्या शासकीय मराठीच्या लाडक्या रचनेत कर्ता नाहीसा होतो. बातमीपत्रात हे चालेल. परंतु ज्या व्यवहारात सांगणारा कोण आणि त्याने काय सांगितले हेच कायद्याला हवे आहे, तेथे कर्त्याचा लोप हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. दुसरे असे की, ह्या वाक्यातील ‘मी’ हा रुग्ण नसतो. दुसऱ्याने रचलेले आत्मनिवेदन रुग्णाच्या मुखी घातलेले असते आणि त्याने खाली सही अथवा अंगठा उठवावयाचा असतो. निवेदक आणि लेखक भिन्न असलेल्या आत्मकथनांची चर्चा आपण वर्गात पुष्कळ केली आहे. हे त्या प्रकारातील बहुधा सर्वांत जास्त प्रती निघणारे आत्मकथन होय.

शब्दांचे पाहावे तर अडचण आणखी बारीक आहे. शस्त्रक्रियेत ‘धोका’ आहे असे मराठी डॉक्टर सांगतो तेव्हा त्याला संभाव्य अपाय अभिप्रेत असतो. मुंबईत उत्तरेकडून आलेल्या रुग्णाच्या कानी तो ‘धोखा’ म्हणून पडतो, आणि हिंदीत त्याचा अर्थ फसवणूक असा आहे. त्याऐवजी ‘जोखीम’ म्हणावे तर दोन्ही भाषांत तो शब्द आहे; पण मराठीत जोखीम पत्करावयाची असते, ती अंगावर येते, जोखमीचे काम हे जबाबदारीचे काम असते. म्हणून ‘सर्व जोखीम मला मान्य आहे’ असे लिहिले की धोक्याच्या माहितीचे रूपांतर दायित्वाच्या स्वीकारात होऊन जाते. त्याला जोडूनच बहुधा पुढचे वाक्य येते : ‘काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.’ संमती दिल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. पण सही करणाऱ्याला ते कोण सांगणार? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यानंतर संमतिपत्रक हे डॉक्टरांना ढालीसारखे वाटू लागले असावे, असे मानण्यास जागा आहे. ढालीची भाषा आणि माहितीची भाषा एक असू शकत नाही.

‘भूल’ हा शब्द घ्या. मराठीत भूल देतात, भूल पडते, भूलथापाही देतात. हिंदीत भूल म्हणजे चूक. मराठी बोलणाऱ्याला संदर्भाने अर्थ कळतो, हे खरे. पण मराठी ही ज्याची दुसरी अथवा तिसरी भाषा आहे, त्याला तो कळेल असे धरून चालता येत नाही. औषधांच्या संशोधनाच्या बाबतीत तर शब्दाची निवड हा नीतीचाच प्रश्न बनतो. ‘चाचणी’ हा शब्द रक्ताच्या तपासणीलाही वापरतात आणि नव्या औषधाच्या मानवी वापरालाही. ‘तुमची चाचणी करावयाची आहे’ असे ऐकणारा माणूस पहिलाच अर्थ घेणार. ‘प्रयोग’ म्हटले तर तो दचकेल, चार प्रश्न विचारील, कदाचित नकारही देईल. अनुवादक ‘प्रयोग’ हा शब्द टाळतो तो बहुधा ह्याच कारणाने. परंतु त्या दचकण्यातच त्याला अर्थ कळल्याची खूण असते. जो शब्द ऐकून माणूस प्रश्न विचारतो, तोच येथे प्रामाणिक शब्द होय. सौम्य शब्द वापरून मिळविलेली संमती ही कायद्याच्या भाषेत भ्रमाखाली दिलेली संमती ठरण्याचा संभव आहे, आणि तशी संमती आपल्या दंडविधानाने जुन्या काळापासून संमती मानलेली नाही.

हे सर्व कल्पनेतील भय नव्हे. २००९-१० साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प मुलींवर राबविण्यात आला आणि २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली आपल्या अहवालात जे नमूद केले, त्यानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. ती लस वैद्यकीयदृष्ट्या उपकारक की अपायकारक हा येथे प्रश्न नाही; पुढे ह्या लसीची उपयुक्तता जगभर मान्य झाली आहे. प्रश्न असा की, अंगठ्याच्या त्या ठशांमागे कोणते बोलणे झाले होते आणि ते कोणत्या भाषेत? खम्मम जिल्हा तेलुगू भाषकांचा खरा, पण तेथे कोया आदिवासींची वस्तीही मोठी आहे. राज्याची भाषा ही रुग्णाची भाषा असेलच असे नाही.

येथे आपण आपल्याच घराकडे पाहावे. महाराष्ट्रात मराठी संमतिपत्रक छापले की भाषेची अट पुरी झाली, असे समजले जाते. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया व गोंडी, नंदुरबारकडील भिल्ली बोली बोलणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मराठी ही सरकारची भाषा आहे, जशी आपल्या आजोबांच्या दृष्टीने इंग्रजी होती. उलट बाजूने पाहता, इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथील मराठी भाषक हिंदी, गुजराती, तेलुगू अथवा तमिळ संमतिपत्रांवर सह्या करीत असतो. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांची नोंद झाली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. कायद्याने मात्र ‘अनुसूचित भाषेत’ असे म्हटलेले नाही, ‘राज्याच्या राजभाषेत’ असेही म्हटलेले नाही. त्या व्यक्तीला समजेल त्या भाषेत, असे म्हटले आहे. भारतीय भाषांच्या समतेचे इतके स्पष्ट विधान आपल्या शिक्षणविषयक धोरणांतही सहसा आढळणार नाही.

ह्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला वैद्यकांचा : एका बाह्यरुग्ण विभागात शेकडो माणसे रांगेत असता भाषेचे लाड कोणी करावेत? आक्षेप खरा आहे आणि त्याचा अनादर करू नये. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. डॉक्टरला वेळ नाही म्हणूनच त्याच्या हाती आधी घोटून, तपासून तयार केलेली भाषा असली पाहिजे. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ऐन वेळी परिभाषा घडविणे हे त्याचे काम नव्हे. २०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे. तेथे शिकविण्यास योग्य अशी भाषिक सामग्री कोणी निर्माण करावयाची, हा प्रश्न आपल्या दारी येतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा : आपला रुग्ण ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा’ असे म्हणतो, त्याला धोक्यांची यादी वाचून दाखविणे क्रौर्य आहे. विश्वास ही मोलाची वस्तू आहे ह्यात शंका नाही. पण विश्वास ठेवणे आणि अज्ञानात राहणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत तर हे उघडच दिसते. ह्या विषयावर देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, ही आपल्याला भूषणावह गोष्ट आहे. पण तो करावा लागला ही नव्हे. सोनोग्राफीपूर्वी गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही असे गरोदर स्त्रीकडून लिहून घेतले जाते. ते तिला खरोखर कळले, तर घरच्यांच्या दडपणापुढे तो कागद तिच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकतो. न कळता तिने सही केली, तर तोच कागद केवळ केंद्राच्या दप्तरातील पूर्तता होतो. तेव्हा संमती हा उपचाराचा भाग असण्याऐवजी नुसता उपचार म्हणून उरते.

तिसरा आक्षेप आपल्यांपैकी काहींचा असेल : परिभाषेचे काम शासनाने केलेलेच आहे. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय झाले, १९६१ साली केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग झाला, कोश निघाले. ते कार्य मोठे आहे. परंतु परिभाषाकोश हा तज्ज्ञाने तज्ज्ञाशी बोलण्यासाठी असतो. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही मंजूर, जामीन, दस्तऐवज आणि राजीखुशी हे शब्द मराठीच्या तोंडून गेले नाहीत, कारण लोकांचा व्यवहार त्यांत चालत होता. ‘मी राजीखुशीने हे करीत आहे’ ह्या जुन्या खरेदीखताच्या वाक्यात जी स्पष्टता आहे, ती ‘माहितीपूर्ण संमती’ ह्या जोडशब्दात नाही. संमतीची भाषा कोशातून उचलून चालणार नाही. ती ऐकून घडवावी लागेल.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या सूचना मर्यादित आहेत. तौलनिक साहित्याच्या पदव्युत्तर वर्गांत विविध भाषांचे विद्यार्थी एकत्र बसलेले असतात. एकच संमतिपत्र पाच-सहा भारतीय भाषांत समोर ठेवून कोणत्या भाषेत कर्ता लोपला, कोणत्या भाषेत धोक्याचे दायित्व झाले, कोठे नातेवाईक रुग्णाच्या आधी आला, ह्याचा अभ्यास एका सत्रात सहज होऊ शकेल. आमच्या शास्त्राची ती कसोटी ठरेल आणि त्याचा निष्कर्ष वैद्यक महाविद्यालयांच्या नीतिसमित्यांना उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट, संमतिपत्र डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिले जाते, पण पुष्कळसे रुग्ण ते कानांनी ऐकतात. म्हणून त्याचा मसुदा मोठ्याने वाचून, ऐकणाऱ्याकडून ‘तुम्हाला काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारून तपासावा. आणि शक्य तेथे रुग्णाच्या त्या शब्दांनाच पत्रकावर जागा द्यावी. नव्या औषधांच्या काही चाचण्यांत, सहभागी व्यक्ती दुर्बल गटातील असल्यास, ही सर्व बोलणी दृक्‌श्राव्य नोंदविण्याचे बंधन आहेच. भाषाभ्यासकांचा सल्ला घेतल्यास त्या नोंदींतून पुढची पत्रके सुधारता येतील. तिसरी गोष्ट, ज्या भाषांना लिपी अथवा शासकीय स्थान नाही, त्यांच्यासाठी त्या भाषकांतूनच दुभाषे तयार करावेत आणि त्यांना मानधन द्यावे. रुग्णाची लहान मुलगी ही इस्पितळाची दुभाषी असू नये. आणि शेवटची गोष्ट कायद्याविषयी : वैद्यकांच्या आचाराचे नवे विनियम जेव्हा पुन्हा हाती घेतले जातील, तेव्हा त्या जुन्या वाक्यातील क्रम बदलून रुग्णाला प्रथम स्थान द्यावे आणि २०१७ च्या कायद्यांतील भाषेची अट सर्वच शस्त्रक्रियांना व उपचारांना लागू करावी. रुग्णाला त्याची कागदपत्रे बहात्तर तासांत द्यावीत असे २००२ च्या विनियमांत आहे. ती त्याला कळावीत ह्यासाठीही काही तरतूद हवी.

भारतीय साहित्य अनेक भाषांत लिहिले जात असले तरी ते एक आहे, असे आपण अनेक वर्षे सांगत आलो. ह्या विधानाची परीक्षा परिसंवादांत पुरेशी झाली आहे. एखादी कोरकू स्त्री मराठी परिचारिकेकडून, इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टरचे म्हणणे ऐकून, आपल्या शरीराविषयी होय किंवा नाही म्हणते, तेथे तीन भाषा एका वाक्यात एकत्र आलेल्या असतात. त्या वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत शाबूत पोहोचावा, एवढी जबाबदारी कायद्याने स्वीकारली आहे. ती पार पाडण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी ते विद्यापीठाच्या आवारात अडकवून ठेवू नये.